अंगणाचा कंगवा

मित्रांनो, एखादा माणूस कोणी सांगितले नसताना सकाळी सकाळी अंगणात उतरून घाम गाळू लागला, की आधी विचारावे, याला यातून काय मिळणार आहे? मी ज्या गृहस्थांची गोष्ट सांगणार आहे, त्यांना त्या शरदात तीन गोष्टी मिळवायच्या होत्या. पहिली, घरातले कोणी पुन्हा पाय घसरून पडू नये. दुसरी, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचे तोंड एकदाचे बंद व्हावे. तिसरी गोष्ट ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नसत. बायकोने एकदा तरी म्हणावे, "बरं केलंत हो." बागेच्या बाबतीत हे वाक्य त्यांनी उभ्या संसारात ऐकले नव्हते. त्यांच्या वाट्याला कायम दुसरेच वाक्य यायचे, "तुम्ही नका हात लावू."

या मिळकतीच्या बदल्यात त्यांना खर्च करायचे होते थोडे आपले कंबरडे आणि बराचसा मी.

मी म्हणजे पालापाचोळा ओढायचा एक जुना लोखंडी पंजा. लांब लाकडी दांडा, त्याच्या टोकाला आडवी पट्टी आणि पट्टीला खाली वाकलेले दात. आता काही दात पडले आहेत, काही वाकडे झाले आहेत. दांड्याला मधोमध चीर गेली आहे आणि तार गुंडाळून ती कशीबशी धरून ठेवली आहे. कुरकुर करायचे वय माझे केव्हाच उलटले. आता नुसता थकवा उरला आहे. पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो.

एका लोहाराने मला मोटारीच्या जुन्या पाट्यातून ठोकून काढले. भट्टीतून लालभडक होऊन बाहेर आलो, तेव्हा मला वाटले की आपली तलवार होणार. तापल्यावर प्रत्येक लोखंडाला असेच वाटते. मग त्याने माझे दात एकेक करून खाली वाकवले आणि मला कळले, आपले आयुष्य जमिनीकडे बघण्यात जाणार.

दुकानात मला बघायला पुष्कळ लोक आले. बहुतेकांनी मला उचलून हवेत फिरवले, जणू मी अंगणात नव्हे, युद्धावर जाणार होतो. काकूंनी, म्हणजे त्या गृहस्थांच्या बायकोने, मात्र माझे दात आपल्या तळहातावरून हळूच ओढून पाहिले. "फार टोकदार नको," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "झाडांची बारीक मुळं वरच असतात." त्या टपाल कचेरीत पत्रे लावायचे काम करत. कुठले पत्र कुठल्या खणात टाकायचे, हे त्यांचा हात डोळ्यांच्या आधी ओळखायचा. तीच सवय त्यांनी बागेत आणली होती.

शरद आला की फाटकाजवळचे मोठे झाड तळहाताएवढी पाने गाळू लागायचे. काकू ती पाने पत्रांसारखी लावायच्या. आधी पायऱ्या आणि वाट मोकळी, कारण ओले पान पायाखाली साबणासारखे सरकते. मग हिरवळीवरची पाने उचलायची, नाहीतर खालचे गवत गुदमरून पिवळे पडते. वाफ्यांवरची पाने मात्र तशीच ठेवायची. "ते मुळांचं पांघरूण आहे," त्या म्हणायच्या, "थंडीच्या तोंडावर कोणी कोणाचं पांघरूण ओढतं का?" उरलेली पाने कोपऱ्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात भरून त्यांच्यावर पाणी शिंपडायचे. वर्ष-दोन वर्षांनी त्याच पानांची काळी, भुसभुशीत माती व्हायची. शरदातच त्या फुलांचे कंद लावायच्या, टोक वर करून, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल.

आणि खिडकीसमोर होती पिवळी. ते एक झुडूप होते. त्याचे खरे नाव काकूंना माहीत असणार, पण घरात सगळे पिवळीच म्हणायचे. थंडी सरता सरता, अजून एक पानही फुटलेले नसताना, तिच्या उघड्या काटक्या पिवळ्या फुलांनी भरून जायच्या. तिच्यापुरता काकूंचा नियम कडक होता. फुले गेली की लगेच छाटायची, नंतर कात्री दाखवायचीसुद्धा नाही. "शरदात तिच्या अंगात पुढच्या वसंताची फुलं तयार होऊन झोपलेली असतात," असे त्या शेजारच्या टीसीकाकांना कुंपणावरून सांगत. टीसीकाका म्हणजे रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. ते ऐकून घेत आणि मान डोलवत, जणू पिवळीकडे तिकीट आहे की नाही एवढेच त्यांना पाहायचे होते.

हंगाम संपला की काकू माझे दात धुऊन, फडक्याने कोरडे करून त्यांच्यावर तेलाचा हात फिरवायच्या. मग दात भिंतीकडे करून मला खोपटातल्या खिळ्याला टांगायच्या. मित्रांनो, लाड म्हणजे काय, हे मला त्या तेलाच्या हाताने शिकवले.

आता काका, म्हणजे ज्यांची ही गोष्ट ते गृहस्थ. सगळे त्यांना सलूनवाले म्हणायचे, कारण बस थांब्याजवळ त्यांचे दोन खुर्च्यांचे केस कापायचे दुकान होते. बागेत ते फक्त चहा पिण्यापुरते यायचे. मी जवळ आलो की पाय वर उचलायचे आणि काकूंना विचारायचे, "झाला का कंगवा फिरवून?" तेव्हापासून माझे नाव कंगवा पडले. मला ते आवडायचे. घरातल्या कुत्र्याला नाव असते तसे मलाही होते.

सलूनवाल्यांच्या दुकानात दोन कायदे होते. पहिला, एक गिऱ्हाईक उठले की दुसरे बसायच्या आत जमिनीवरचा एकूण एक केस झाडून टाकायचा. दुसरा कायदा त्यांच्या खास अभिमानाचा. गिऱ्हाईक म्हणाले, "राहू द्या हो, तेवढं चालेल," तरी कानामागचे केस नीट केल्याशिवाय सोडायचे नाही. "माणूस संकोचाने म्हणतो," ते काकूंना समजावत, "कारागिराने ते ऐकायचं नसतं." आणि कात्री चालू असेपर्यंत ते हलकी शीळ घालायचे. असे म्हणत की लहान पोरे त्या शिळेच्या नादात रडायची विसरत.

पुढे दुकानाची ती इमारतच पाडायची ठरली. खुर्च्या गेल्या, आरसा गेला. सलूनवाले एक कात्री आणि एक कंगवा घेऊन घरी आले. शीळ बहुधा तिथेच राहिली. दिवसभर ते या खोलीतून त्या खोलीत जात आणि जिथे जात तिथे काकूंच्या वाटेत येत.

त्याच शरदात गारठ्याचा पहिला पाऊस रात्रभर पडला. सकाळी काकू दूध आत घ्यायला निघाल्या आणि पायरीवरच्या ओल्या पानावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. इस्पितळ झाले, शस्त्रक्रिया झाली. मग त्यांना घरी आणून बाहेरच्या खोलीतल्या खिडकीपाशी पलंगावर ठेवले. व्यायाम करून घ्यायला एक ताई येऊ लागल्या. खिडकी उघडी असली की त्यांचे बोलणे मला ऐकू यायचे.

"काकू, पाय उचला. अजून. अजून थोडा."

"पाय आहे तो, क्रेन नाही."

"वसंतापर्यंत पायऱ्या उतरायच्यात ना?"

"ते मी ठरवलंय. पिवळी फुलली की मी उतरून तिच्यापाशी जाणार. त्याच्या आधी मला कोणी घाई करायची नाही आणि नंतर कोणी अडवायचं नाही." एवढे बोलून त्या पाय आणखी थोडा उचलायच्या. अख्खी थंडी त्या एका झुडपाच्या भरवशावर काढायची, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

इकडे सलूनवाल्यांनी पानांशी वैर धरले. एका पानाने बायकोला पाडले, म्हणून सगळ्या पानजातीवर त्यांचा राग. ते मला घेऊन अंगणात उतरले आणि पहिला कायदा लागू झाला. वाऱ्याची झुळूक आली, झाडाने पाने गाळली, की माझी पाळी. दुसरी झुळूक आली की पुन्हा मी. झाडाला शेकडो पाने गाळायची होती आणि सलूनवाले प्रत्येक पानाला गिऱ्हाईक समजत होते. चहा गार व्हायचा, मी मात्र तापलेला असायचो.

"काय सलूनवाले," टीसीकाका कुंपणावरून म्हणाले, "जमिनीला टक्कल पाडणार वाटतं?"

"तुमच्या टकलापेक्षा बरी दिसेल."

"माझं टक्कल तुमच्याच दुकानात पडलं हो!"

सलूनवाल्यांनी मला दगडावर असे दाबले की माझा पहिला दात त्या दिवशी वाकला.

पायऱ्या आणि वाट त्यांनी स्वच्छ केली, ते फार चांगले केले. हिरवळ मोकळी केली, तेही बरोबर. मग ते वाफ्यांकडे वळले. खिडकीतून काकूंचा आवाज आला. "अहो, वाफ्यावरची पानं राहू द्या."

सलूनवाले थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले, ते बघून मला धडकी भरली. "राहू द्या म्हणते!" ते माझ्या दांड्याला म्हणाले. "माझ्या कमरेची काळजी!"

"अहो, खरंच राहू द्या!"

"खरंच म्हणतेस, म्हणजे करायलाच हवं," असे म्हणून त्यांनी दुसरा कायदा लागू केला. काकू आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली आणि सलूनवाल्यांनीच धावत जाऊन वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. मग परत येऊन त्यांनी वाफ्यावरचे पांघरूण माझ्याच दातांनी ओढून काढले. पाने जाळीच्या पिंजऱ्यातही गेली नाहीत. पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत गेली, दुकानातले केस जायचे तशी. काळी माती उघडी पडली. सलूनवाल्यांना ती नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी वाटली असावी, कारण त्यांनी तिच्यावरून हातही फिरवून पाहिला.

काकूंनी संध्याकाळी विचारले तेव्हा ते म्हणाले, "तू नको म्हणणारच. मी काय तुला आज ओळखतो?" काकूंनी कपाळाला हात लावला आणि हसल्या. पाने तर गेलीच होती.

मग पिवळीची पाळी आली.

त्या दुपारी काकू जेवून झोपल्या आहेत, असे सलूनवाल्यांना वाटले. ते बाजारातून नवीकोरी मोठी कात्री घेऊन आले होते. पिवळीच्या काटक्या उन्हाळ्यात हव्या तशा वाढल्या होत्या. बऱ्याच दिवसांत आरसा न पाहिलेल्या माणसासारखी ती दिसत होती. सलूनवाल्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून पाहिले आणि घरातून जुनी चादर आणली. ती चादर त्यांनी पिवळीच्या बुडाशी गोल पसरली, गळ्याशी खोचतात तशी नीट खोचली. "केस कापले की दाट येतात," ते पुटपुटले. "वसंतात बघच तू. दुप्पट फुलणार."

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्यासमोरच खिडकी होती.

कात्री चालू झाली. आधी चाचरत, मग हात बसला. कच, कच, कच. कडेने, वरून, पुन्हा कडेने. आणि मित्रांनो, मला आधी वाटले वारा आहे. मग कळले, ती शीळ होती. सलूनवाले शीळ घालत होते.

खिडकीचा पडदा हलला. काकू कोपरावर रेलून उठल्या होत्या. त्यांनी चादर पाहिली, कात्री पाहिली, चादरीवर पडणाऱ्या काटक्या पाहिल्या. प्रत्येक काटकीच्या अंगावर बारीक डोळे होते, पुढच्या वसंताची फुले मिटून झोपलेली. त्यांनी काच वाजवायला बोटांची मूठ उचलली.

मूठ तशीच हवेत राहिली. काकू काटक्यांकडे बघत नव्हत्या आता. त्या सलूनवाल्यांच्या पाठीकडे बघत होत्या आणि ऐकत होत्या. मग त्यांनी हात खाली घेतला आणि पडदा सोडून दिला.

पिवळी गोल झाली. अगदी गोल, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोराच्या डोक्यासारखी. सलूनवाल्यांनी चादर झटकली, माझ्याकडून उरलासुरला कचरा काढून घेतला आणि खिडकीवर टकटक केली. "उठलीस का? जरा बाहेर बघ!"

पडदा सरकला. काकूंनी पिवळीकडे बराच वेळ पाहिले.

"बरं केलंत हो," त्या म्हणाल्या.

सलूनवाल्यांना आनंद कुठे ठेवावा ते कळेना. मला कुठे ठेवावे तेही कळले नाही. त्यांनी मला खिडकीखाली भिंतीला टेकवले, चहा करायला आत धावले आणि विसरले. मी संपूर्ण थंडी तिथेच काढली. दव माझ्या अंगावर गोठायचे आणि उन्हात वितळून दांड्यात मुरायचे. गंजाने माझे दोन दात मुळापासून खाल्ले. वाफ्याची उघडी माती गोठायची, फुगायची, पुन्हा बसायची. काही कंद त्या हालचालीत वर उचलले गेले आणि कुजले. माझ्या डोक्यावरच्या खिडकीत मात्र रोज आवाज यायचा, "अजून थोडा, काकू. अजून." आणि काकू पाय उचलायच्या. आपण ज्याची वाट बघतो आहोत ते येणार नाही, हे ठाऊक असूनही त्या पाय उचलायच्या. एवढे दमलेले मी दुसरे कोणी पाहिले नाही.

वसंत आला. टीसीकाकांच्या फाटकाशी तसलेच झुडूप होते, ते पिवळेजर्द झाले. आमच्या पिवळीला हिरवी पाने फुटली आणि नुसती पानेच फुटत राहिली. सलूनवाले रोज सकाळी चष्मा लावून तिच्यासमोर उभे राहायचे.

"कधी कापली होतीत हो?" टीसीकाकांनी कुंपणावरून विचारले.

"शरदात. छान गोल केली होती."

टीसीकाकांचे तोंड उघडले आणि तसेच बंद झाले. इतक्या वर्षांत त्यांना टोमणा सुचला नाही, असे मी पहिल्यांदा पाहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "फुलं तेव्हाच कापली गेली हो, सलूनवाले. ती शरदात काटक्यांवरच असतात. वहिनींनीच सांगितलंय मला किती वेळा. आता पुढच्या वर्षी."

सलूनवाले पायरीवर बसले. मग उठून खिडकीशी आले आणि माझ्याच दांड्याला धरून उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "पिवळी यंदा फुलणार नाही. माझ्यामुळे."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तुम्ही तिला चादर गुंडाळलीत तेव्हापासून."

"म्हणजे तू जागी होतीस? अगं, मग काच वाजवायची! एक हाक मारायची!"

"मारणारच होते. पण तुम्ही शीळ घालत होतात."

सलूनवाल्यांनी मान वळवून गोल पिवळीकडे पाहिले.

"दुकान गेल्यापासून ऐकली नव्हती मी. म्हटलं, घालू दे."

"आणि मग, बरं केलंत म्हणालीस ते?"

"इतकी वर्षं दुकान चालवलंत तुम्ही. कापून झाल्यावर आरसा दाखवला की गिऱ्हाईक दुसरं काय म्हणतं?"

सलूनवाल्यांनी तोंड फिरवले. डोळे पुसायला त्यांनी बाही वापरली, कारण दुसरा हात माझ्यावर होता. "आता पुढच्या वर्षापर्यंत थांबशील का तू? पायऱ्या उतरायच्या..."

"एवढी वाट कोण बघणार! पिवळी नाही फुलली तरी मी उतरते. या आत. आणि तो कंगवा आणा बरोबर. काठी मला आवडत नाही."

एका बाजूला सलूनवाल्यांचा खांदा, दुसऱ्या बाजूला मी, दात वर आणि दांडा खाली. पायऱ्या स्वच्छ होत्या. काकू एक उतरल्या, थांबल्या. दुसरी उतरल्या, थांबल्या. शेवटच्या पायरीवर काकूंचा तोल गेला आणि त्यांचे सारे वजन माझ्यावर आले. थंडीभर भिजलेला माझा दांडा कड् असा वाजला. चीर गेली ती तेव्हा. पण मी तुटलो नाही, मित्रांनो. तुटून चालणार नव्हते.

काकू पिवळीपाशी पोचल्या. त्यांनी तिच्या पानांवरून हात फिरवला, धाप टाकली आणि म्हणाल्या, "गोल मात्र छान केलीत."

त्यानंतरही शरद आला. आता काकू पायरीवर खुर्ची टाकून बसतात आणि सलूनवाले पाने लावतात. वाफ्याशी आले की विचारतात, "ही?" काकू म्हणतात, "राहू द्या." मग ते खरेच राहू देतात. ते त्यांना अजून फार जड जाते.

माझे काम आता थोडे उरले आहे. तेव्हा जाता जाता एवढे मागणे मागतो. शरदात अंगणात उतराल, तेव्हा आधी पायऱ्या मोकळ्या करा. मुळांचे पांघरूण त्यांच्या अंगावर राहू द्या. झुडपाला कात्री लावण्याआधी ते केव्हा फुलते, ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. आणि कोणी 'राहू द्या' म्हटले, तर एकदा तरी ते खरे मानून बघा. काम झाले की पंजा, खुरपे, कात्री, जे हाताशी असेल ते धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून छपराखाली ठेवा. आम्हाला हाक मारता येत नाही, आणि शीळ तर नाहीच येत.

आता शेवटची बेरीज करू आणि मला टेकू द्या. सलूनवाल्यांना जे हवे होते ते तिन्ही मिळाले. पायऱ्यांवरून पुन्हा कोणी घसरले नाही. शेजाऱ्याचे तोंड एकदा का होईना बंद झाले. 'बरं केलंत' ऐकायला मिळाले, आणि वर शीळही परत आली. यासाठी पिवळीने आपली फुले दिली. वाफ्याने कंद दिले. मी दात दिले आणि पाठ दिली. बाकी सगळे काकूंनी भरले. एक अख्खा वसंत, पडद्याआडून, काचेला बोटही न लावता.